मावशीचे अकरा सेकंद

खटपटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चारचौघांत सांगण्यासारखं, चांगलं खणखणीत आहे. पण एकदा त्यांनी इमारतीच्या पाण्याच्या टाकीला आपोआप बंद होणारा कॉक बसवला. तो आपोआप बंद झाला आणि मग दोन दिवस काही केल्या उघडेना. तेव्हापासून तिन्ही मजल्यांनी हे नाव एकमताने पास करून टाकलं. आता पोस्टमनही याच नावाने हाक मारतो. बायकोला लोक ‘खटपटेबाई’ म्हणतात आणि ती ओ देते, याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं.

तर या खटपट्यांनी परवा जो उद्योग अंगावर घेतला, त्यापुढे पाण्याची टाकी म्हणजे किस झाड की पत्ती. “फक्त पोट बदलायचंय, चेहरा तोच ठेवायचाय,” असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. ऐकणाऱ्याला वाटे, यांच्या घरात कुणाचं तरी ऑपरेशन आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर फळं घेऊन भेटायला आले आणि पेशंट कुठे दिसेना म्हणून अर्धा तास अवघडून बसले.

पोट बदलायचं होतं ते मावशीचं. मावशी म्हणजे वाचनालयातल्या देवघेव काउंटरवरचा कॉम्प्युटर. नीट सांगायचं तर कॉम्प्युटर हे नुसतं खोकं. ते खोकं चालवणारी जी आतली सगळी व्यवस्था, जिला जाणकार ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती मावशी. नाव पडलं ते तिच्या स्वभावावरून. एखादी नोंद पुसायला सांगितली की पडद्यावर उमटे, ‘खरंच पुसू?’ हो म्हटलं की, ‘नक्की ना?’ पुन्हा हो म्हटलं की, ‘एकदा विचार करून सांगा.’ आणि भलतंच बटण दाबलं तर, ‘असं करू नये.’ हे सगळे शब्द खटपट्यांचे. मावशी बनवणाऱ्या कंपनीत ते वयाच्या चोविसाव्या वर्षी नोकरीला होते. ती बसवायला म्हणून वाचनालयात गेले, काउंटरवर नुकत्याच लागलेल्या बाईंना शिकवायला आठ दिवस थांबले, आणि ती शिकवणी जी लांबली ती लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी चालूच आहे. कोण कोणाला शिकवतं हे मात्र मध्ये कधीतरी बदललं.

कंपनी केव्हाच बुडाली. जाताना मावशीच्या पोटाला कुलूप लावून किल्ली घेऊन गेली. मालकीची वस्तू, आत काय आहे ते कुणाला बघू द्यायचं नाही, अशी त्या काळची रीत. मावशी त्या एकाच जातीच्या खोक्यात नांदायची, नव्या मशीनवर उतरायचीच नाही. आणि ते खोकं आता सकाळी सुरू करताना असा काही आवाज काढायचं, की वाचक हातातलं वर्तमानपत्र खाली करून बघायचे. शेवटी समितीने ठराव केला: तयार सिस्टीम विकत घ्यायची. वाचकाने पुस्तक स्वतःच मशीनपुढे धरायचं, टुक् वाजलं की झालं. काउंटरवर माणूस लागणारच नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या बाईंनी तेवढे दिवस तळघरात, पुस्तकबांधणी विभागात बसायचं.

बाईंनी हे घरी सांगितलं ते एका वाक्यात. “उन्हाळ्यात तळघर बरं पडेल,” एवढंच म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. त्या दिवशी भाजी इतकी बारीक चिरली गेली की ती कशाची आहे ते जेवतानाही कळेना. खटपटे काय ते समजले. सव्वीस वर्षं ज्या खुर्चीत बसून ही बाई हजारो माणसांना पुस्तकं काढून देत आली, तिथून तिला जिना उतरायला लावणार? छे! हे काही ते होऊ देणार नव्हते.

नशीब एवढंच, की ठराव झाला तरी ठरावाचा सहीशिक्क्याचा मूळ कागद सापडत नव्हता. “मीच कुठेतरी नीट ठेवलाय,” असं चिटणीस म्हणत. नीट ठेवलेली वस्तू आजवर कुणाला सापडली आहे? कागदाशिवाय खरेदी पुढे सरकेना. पुढच्या बैठकीला सहा आठवडे होते. खटपट्यांनी चिटणिसांना गाठलं आणि तेवढ्या वेळात मावशी नव्या मशीनवर चालवून दाखवतो असं छातीठोक सांगून टाकलं. “दाखवा, मग बघू,” चिटणीस म्हणाले. यातल्या ‘बघू’चा अर्थ प्रत्येक नोकरदार माणसाला ठाऊक असतो, पण खटपट्यांनी तो सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं.

बेत असा होता. जगभरच्या हौशी आणि हुशार माणसांनी मिळून कॉम्प्युटरचा एक गाभा लिहून ठेवलाय. कर्नेल म्हणतात त्याला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. त्याला ना कुलूप, ना मालक. तो गाभा नव्या मशीनमध्ये घालायचा आणि वर मावशीचा चेहरा जसाच्या तसा चढवायचा. तीच बटणं, तेच प्रश्न, तेच ‘असं करू नये.’ बाईंना वेगळं काही शिकावं लागता कामा नये.

पहिला फटका बसला तो वाचनालयाच्या हेडक्लार्ककडून. नव्या यंत्रणेसाठी तेवीस रकान्यांचा अर्ज होता, आणि सतरावा रकाना होता ‘उत्पादकाचे नाव व सही’.

“उत्पादक कोण?” हेडक्लार्कने विचारलं.

“तसा एक कुणी नाही. जगभरातली हजारो माणसं आहेत.”

“हरकत नाही. पुरवणी जोडा. पण सह्या सगळ्यांच्या लागतील.”

खटपट्यांनी ओपन सोर्स म्हणजे काय हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. हेडक्लार्कने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “म्हणजे मालक फरार आहे का?” सतरावा रकाना रिकामा ठेवून अर्ज घ्यायला तो कसाबसा तयार झाला. वर जुन्या कंपनीचं ना हरकत पत्र आणायला सांगितलं. जी कंपनी उरलीच नाही तिची हरकत कशी असेल, हे विचारायचं खटपट्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

कंपनीचे जुने मालक गावाबाहेर रोपवाटिका चालवत होते. खटपट्यांना त्यांनी ओळखलं, मिठी मारली, ना हरकत पत्र बियांच्या पाकिटामागे लिहून दिलं आणि एक पत्र्याची ट्रंकही दिली. मावशीच्या पोटातलं सगळं लिखाण त्या काळी कागदावर छापून ठेवलेलं होतं, ते त्या ट्रंकेत होतं. “रोपांना गुंडाळायला फार बरा कागद,” मालक म्हणाले. “अर्धा संपला. उरलाय तो घेऊन जा.” खटपटे ट्रंक आणि आग्रहाने दिलेली दोन गुलाबाची कलमं घेऊन घरी आले. बाईंनी फक्त कलमांकडे बघितलं.

मग काम सुरू झालं. रोज पहाटे पाच ते सात, आणि ऑफिसातून आल्यावर जेवेपर्यंत. जेवणाचं टेबल गेलं, मग टीव्ही गेला, कारण पडदा म्हणून तोच जोडला होता. बाईंनी तक्रार केली नाही. बांधणी विभागात टीव्ही नसतोच, आत्तापासून सवय झालेली बरी, असं एकदा सहज बोलल्या. त्यावर खटपटे दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच उठले.

शेजाऱ्यांना तर मेजवानीच मिळाली. हेडमास्तर रोज संध्याकाळी चहाला येऊन विचारत, “बंद करून चालू करून बघितलंत का?” अजून ते चालूच झालेलं नाही असं सांगितलं तर म्हणत, “मग आधी चालू करून बघा.” समोरच्या ब्लॉकमधल्या विमा एजंटला वेगळीच काळजी. “ती हजारो माणसं आपापसांत भांडली तर तुमच्या गाभ्याचं काय?” खटपटे म्हणाले, “भांडतातच ती. रोज भांडतात. म्हणून तर तो चांगला झालाय.” एजंट म्हणाला, “मग आमच्या सोसायटीचं का होत नाही चांगलं?” असले प्रश्न कुणी विचारले की खटपट्यांचा सगळा दिवस खराब जातो.

नव्या मशीनवर नोंदी होऊ लागल्या, मावशीचा चेहरा तेवढा चढायचा होता. आता चाचणीसाठी पुस्तकं हवी होती. वाचनालय ती एकदम देईना, म्हणून खटपट्यांनी घरातल्या वस्तूंनाच दाखल क्रमांक चिकटवले. कुकर पुस्तक क्रमांक चार, इस्त्री सात, शिडी अकरा. वस्तू घ्यायची तर आधी मशीनवर नावावर करायची, ठेवताना जमा करायची. बाईंनी हेही केलं. फक्त एकदा स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, कुकरची मुदत आज संपतेय. वरण शिजू देऊ की जमा करू?” हेडमास्तरांनी शिडी नेली ती आठ दिवस आणलीच नाही. मशीनने त्यांच्या फोनवर आपोआप आठवणपत्र पाठवलं. ते वाचून हेडमास्तर खाली आले ते लालबुंद होऊन. छत्तीस वर्षं मुलांना शिस्त लावलेल्या माणसाला एक मशीन शिडी मागतं? त्यांनी शिडी दारात आपटली आणि चार दिवस चहाला आले नाहीत. ते चार दिवस काम झपाट्याने झालं.

आणि पाचव्या आठवड्यात मावशी उठून बसली. तोच निळा पडदा, तीच पांढरी अक्षरं. खटपट्यांनी एक नोंद पुसून बघितली. ‘खरंच पुसू?’ मावशीने विचारलं. खटपटे स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “अगं, बोलली!” बाई हात पुसत आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बारीक झालीये जरा.” पण हसल्या. आणि काय ती चपळ झाली होती! पूर्वी देवघेवीचं बटण दाबल्यावर ‘नोंद झाली’ उमटायला अकरा सेकंद लागत. बाईंनी लग्नाच्या आधी एकदा विचारलंही होतं, इतका वेळ का लागतो म्हणून. तेव्हा खटपट्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं, “मोठ्या यंत्रणेला विचार करायला वेळ लागतो.” आता पापणी लवायच्या आत काम व्हायचं. खटपटे दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

शनिवारी वाचनालयात प्रत्यक्ष प्रयोग झाला. संध्याकाळी पाचपर्यंत सगळं सुरळीत दिसत होतं. सव्वापाचला फोन वाजायला लागले.

झालं होतं असं. देवघेवीला मावशीकडे एकच बटण: पुस्तक वाचकाच्या नावावर असेल तर जमा होतं, नसेल तर नावावर चढतं. बाईंनी बटण दाबलं की नोंद डोळ्यांना दिसायच्या आत होऊन जायची. सव्वीस वर्षं अकरा सेकंद थांबलेल्या बोटाला ते खरंच वाटेना. दाबलं गेलं नाही असं समजून बोट पुन्हा दाबायचं, आणि जमा झालेलं पुस्तक परत वाचकाच्या नावावर चढायचं. संध्याकाळपर्यंत दोनशेबारा वाचकांच्या नावावर, परत केलेली आणि नवी नेलेली मिळून, मर्यादेपेक्षा जास्त पुस्तकं झाली. त्या दोनशेबारा जणांना मावशीने आपणहून निरोप पाठवला: ‘आपल्याकडे मर्यादेपेक्षा जास्त पुस्तके आहेत. असं करू नये.’ त्यात चिटणीस होते. त्यांच्या नावावर ‘केस गळणे: कारणे व उपाय’ हे पुस्तक तीनदा चढून दोनदा उतरलं होतं, आणि चिटणिसांच्या डोक्याकडे पाहता हा निरोप त्यांच्या फारच जिव्हारी लागला.

“मंगळवारी बैठक आहे,” ते फोनवर खटपट्यांना म्हणाले. “तयार सिस्टीमवाले येणार आहेत. तुम्हीही या, आता सांगूनच बसलोय तर.”

खटपट्यांना बोलणी खायची सवय होती. त्यांना घाव बसला तो वेगळ्याच जागी. घरी आल्यावर बाई बोटांकडे बघत म्हणाल्या, “तुमचं काही चुकलं नाही हो. माझेच हात म्हातारे झाले. तळघरात बसायच्याच लायकीचे.” ही बाई स्वतःबद्दल असं कधी बोललेली त्यांनी ऐकलं नव्हतं. रविवारी सकाळी ते ट्रंक उघडून बसले. जुन्या खोक्यात अकरा सेकंद जात होते ते नेमके कशात, हे आता शोधणं भाग होतं.

दुपारी ट्रंकेत तो हुकमाचा कागद सापडला. मातीचे डाग पडलेला, पण वाचता येण्यासारखा. मावशीला तिथे हुकूम दिलेला होता: एकपासून नव्वद हजारांपर्यंत मोज आणि काहीही करू नकोस. शेजारी पेनने लिहिलं होतं: ‘चाचणीपुरतं. उद्या काढणे.’ आणि खाली सही, वळणदार, चोविसाव्या वर्षी माणूस करतो तशी.

सही खटपट्यांची होती.

मावशी विचार वगैरे काही करत नव्हती. सव्वीस वर्षं ती नुसती आकडे मोजत होती, कारण चोवीस वर्षांच्या एका मुलाला तो हुकूम काढून टाकायची आठवण राहिली नाही. अख्ख्या गावाचे मिळून किती तास गेले, याचा गुणाकार त्यांनी करायला घेतला आणि मध्येच कागद उलटा ठेवला. मोठी यंत्रणा म्हणे! हे बायकोला सांगायचं की नाही, यावर त्यांनी दोन कप चहा खर्च केला. तिसऱ्या कपाला बाईच समोर येऊन बसल्या.

“अगं, ते अकरा सेकंद,” खटपटे म्हणाले, “ती माझी चूक होती. काढायची राहिली.” आणि कागद पुढे केला.

बाईंनी कागद वाचला. ‘उद्या काढणे’ वाचलं, सही बघितली, आणि ज्या हसत सुटल्या त्या थांबेचनात. पदर डोळ्यांना लावला, टेबलाची कड धरली, हेडमास्तर काय झालं म्हणून वरून डोकावले.

“सव्वीस वर्षं!” त्या म्हणाल्या. “अहो, पण त्या अकरा सेकंदांतच तर माझी नोकरी आहे.”

“म्हणजे?”

“बटण दाबलं की मी तारखेचा शिक्का मारते. मग पुस्तक हातात घेऊन पानं सोडते फर्रकन. कुठे फाटलंय का, कुणाचं काही आत राहिलंय का. मग माणसाच्या तोंडाकडे बघते. आवडलं असलं की कळतं. मग पुढचं कुठलं द्यायचं ते मनात येतं. तेवढ्यात मावशी म्हणते नोंद झाली. काल ती आधीच म्हणायला लागली, माझं सगळंच अडखळलं.” त्यांनी कागदाची नीट घडी केली. “ती चूक परत घाला. होती तशी. अकरा म्हणजे अकरा.”

“आता मुद्दाम चूक करू?”

“मुद्दाम केली की ती चूक कसली? सोय झाली ती.”

मंगळवारी काउंटरसमोर सगळी समिती उभी होती. तयार सिस्टीमचा विक्रेता टाय लावून आला होता. चिटणिसांनी प्रयोगासाठी आपल्याच घरून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, दोन महिने ठेवून घेतलेलं. विक्रेत्याने ते त्याच्या मशीनपुढे धरलं. टुक्. “झालं जमा,” तो म्हणाला. समितीच्या तोंडून ‘वा!’ निघालं.

“आता मावशीवर,” चिटणीस म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं. पडदा गप्प. विक्रेता घड्याळाकडे बघून हसला. बाईंनी शिक्का मारला, पुस्तक उचललं, पानं फर्रकन सोडली, आणि आतून घडी घातलेला एक कागद टेबलावर पडला. त्यांनी तो उलगडून पाहिला. वर समितीचा शिक्का होता, खाली सगळ्यांच्या सह्या. त्या क्षणभर थांबल्या. तो कागद पुन्हा पानांत सारून ठेवणं काही अवघड नव्हतं. बघणाऱ्यांत तो कशाचा हे फक्त खटपट्यांना कळलं होतं.

“साहेब,” बाई म्हणाल्या आणि कागद चिटणिसांपुढे धरला, “तुमचा ठराव. दोनशेदहाव्या पानावर होता. पुढे वाचलेलं दिसत नाही. कंटाळवाणं वाटलं असेल, तर याच लेखकाचं पहिलं नेऊन बघा, ते लहान आहे आणि छान आहे.”

‘नोंद झाली,’ मावशी म्हणाली.

हाच ठराव आत्ता एक मिनिटापूर्वी टुक् करून जमा झाला होता, हे समितीतल्या प्रत्येकाच्या ध्यानात आलं होतं. विक्रेत्याच्यासुद्धा. चिटणिसांनी ठरावाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग घडी घालून कागद खिशात ठेवला. “हा रद्दच करावा लागेल,” ते म्हणाले. “आणि ते लहान पुस्तक द्या मला.”

तेवढ्यात हेडक्लार्क अर्ज घेऊन पुढे सरकला. “ते सगळं ठीक. पण रकाना सतरा रिकामाच आहे. उत्पादकाचं नाव लागेल.”

खटपटे घसा खाकरून पुन्हा जगभरातल्या हजारो माणसांपासून सुरुवात करणार, तोच बाईंनी अर्ज ओढून घेतला. सूचीच्या कार्डांवर लिहितात त्या ठसठशीत अक्षरात त्यांनी आधी एक आडनाव लिहिलं, मग स्वल्पविराम, मग नाव, आणि पुढे ‘व इतर’.

“तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव लिहायचं आणि पुढे व इतर,” त्या हेडक्लार्कला म्हणाल्या. “वाचनालयाचा नियमच आहे.”

“अगं, पण एवढ्या मोठमोठ्या माणसांत पहिला मी?” खटपटे कुजबुजले.

“नोंद मी करतेय ना?”

हेडक्लार्कने चष्मा वर करून रकाना वाचला. “हे आडनाव कुणाचं?”

“आमचं,” बाई म्हणाल्या, सगळ्या समितीला ऐकू जाईल अशा आवाजात. “मावशी यांनी केलीय. तेव्हाची पण, आणि आताची पण.”

खटपट्यांनी सही केली. वळणदार करायची होती, पण रकाना पुरेना. रांगेतल्या पुढच्या वाचकाने पुस्तक ठेवलं, बाईंनी बटण दाबलं आणि शिक्का उचलला. खटपटे बाजूला उभे राहून मनात मोजत होते. सातापर्यंत आले तेव्हा बाईंनी वाचकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, “आवडलं ना?” आणि खटपट्यांचं पुढचं मोजायचं राहून गेलं.